बैलाचा भार उतरवायचा तर गाडीवानाला सोबत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात बैलांची पत्रं येऊ लागतात. गाडीत मावेल त्याहून जास्त ऊस, चढाला गुडघ्यावर आलेली जोडी, तोंडाला फेस आणि शेवटी ठरलेली मागणी: गाडीवानावर गुन्हा नोंदवा. यंदाही अशी पत्रं वाचली. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे आणि ती माझीही आहे. पण गुन्हा नोंदवल्यावर त्या बैलाच्या खांद्यावरचं वजन किती किलोने उतरलं, याचा हिशेब त्या पत्रांत मला कधी दिसला नाही. सांगली-साताऱ्यात प्राण्यांसाठी खरोखरची चळवळ उभी राहायची असेल तर सुरुवात या हिशेबापासून व्हावी, असं माझं म्हणणं आहे. पत्र लांबलं आहे, तरी शक्य तेवढं छापावं ही विनंती.

मी आष्ट्यात औषधांचं दुकान चालवते. माहेर जत तालुक्यातलं, सासर इथलं. माझे वडील टायरगाडीवर ऊस ओढायचे. दिवाळी झाली की आई-वडील आणि हरण्या-चित्र्या ही बैलजोडी कृष्णा-वारणेच्या काठाला यायचे आणि आम्ही भावंडं आजीजवळ राहायचो. गुढीपाडव्याच्या आसपास परत आले की वडील आधी बैलांच्या खांद्यावरून हात फिरवून आजीला दाखवायचे, मग आम्हाला जवळ घ्यायचे. खांदा शाबूत असला की हंगाम बरा गेला, एवढं आम्हाला त्या वयातही कळत होतं.

आता ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की तशीच माणसं माझ्या काउंटरवर येतात. लेकराच्या तापाचं औषध, बायकोच्या कंबरदुखीच्या गोळ्या आणि बैलाच्या खांद्याचं मलम बहुतेक एकाच पिशवीत जातं. गेल्या हंगामात एक तरुण गाडीवान आला. मोबाइलवर त्याने फोटो दाखवला. जू बसतं तिथली कातडी तळहाताएवढी सोललेली, कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये ओल. "ताई, ह्ये लावलं तर उद्या जुपता येईल का?" मी सांगितलं, जखम मलमाने भरेल, पण ती भरेपर्यंत खांद्याला जू लागता कामा नये. तो जरा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "एक बैल बसला की गाडी बसली, गाडी बसली की कोयता बसला. उचल कशी फिटायची?" उचल म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. जाताना त्याने विचारलं, माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन बैलाला चालतं का. मी नाही म्हणाले आणि जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. दवाखाना उघडा असतो त्या वेळेत त्याची गाडी एक तर उसाच्या फडात असते, नाही तर कारखान्याच्या रांगेत.

त्याच हंगामात आमच्या रस्त्यावर प्राणिमित्र तरुणांनी एक गाडी अडवली. मी दुकानातून पाहत होते. मुलं चांगली होती; बैलाकडे पाहून एक मुलगी रडत होती. गाडीवानाची बायको मोळ्यांवर बसलेली, मांडीवर मूल. व्हिडिओ सुरू झाला, गाडीवानाचा चेहरा जवळून घेतला गेला. मग पोलीस आले, गाडी चौकीकडे वळवली. जबाब आणि पंचनाम्यात दुपार गेली आणि तेवढा वेळ भरलेली गाडी उन्हात, जू बैलांच्या मानेवर. संध्याकाळी मुकादमाने पैसे भरून गाडी सोडवली. ते पैसे गाडीवानाच्या उचलीत चढले. पुढचे काही दिवस ती जोडी अंधारात जुपलेली आणि रात्री उशिरा सुटलेली मी पाहिली, कारण बुडालेली खेप भरून काढायची होती. त्या मुलांना हे कळलंही नसेल. त्यांचं काम व्हिडिओपाशी संपलं होतं, बैलाचे जास्तीचे तास त्यानंतर सुरू झाले.

आता पैशांचं बघू. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. गाडीवानाला तोडणी आणि वाहतूक दोन्ही टनावर. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बैलजोडीही पुष्कळदा त्याच पैशातून आलेली. दिवसाला किती खेपा होणार हे कारखान्याच्या यार्डातली रांग ठरवते. रांगेत निम्मा दिवस गेला तर उरलेल्या एका खेपेतच दिवसाचा रोज निघायला हवा, म्हणून अडीच-तीन टन ऊस चढतो. जास्त भरण्याचा निर्णय गाडीवान एकटा घेत नाही. दर, उचल आणि रांग यांनी तो आधीच घेतलेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. मजुरांच्या संघटनांनी ती लढून मिळवली. त्या लढ्यात आमच्या भागातले प्राणिप्रेमी त्यांच्या बाजूला उभे राहिलेले मला दिसले नाहीत. उभे राहिले असते तर बैलाच्या वतीने चार शब्द बोलण्याचा हक्क त्यांना तिथे मिळाला असता.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. एवढ्या दंडाने कोणाचं काही बदलणार नाही. पण त्याच कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांचे नियम झाले आणि ते फार कामाचे आहेत. बैलाचं वजन आणि गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून भाराची मर्यादा घालून दिली आहे. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. काम झालं की जू मानेवर ठेवायचं नाही. आर, म्हणजे टोकदार खिळा, लावलेली पराणी वापरायची नाही. हे नियम मराठीत छापून टोळ्या उतरतात त्या प्रत्येक तळावर लावायला हवेत. आणि ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: यातला बराच भाग कारखान्याच्या फाटकाच्या आत मोडला जातो. मानेवर जू ठेवून तासन्‌तास उभं राहणं यार्डात घडतं, रस्त्यावर नाही.

पुरावाही तिथेच आहे. प्रत्येक गाडी वजनकाट्यावर जाते, वजन नोंदलं जातं, पावती निघते. कोणत्या गाडीने कोणत्या दिवशी किती ओढलं, याची नोंद कारखान्याच्या दप्तरात हंगामामागून हंगाम साचलेली आहे. रस्त्यात कोणाला अडवून फोटो काढायची गरजच नाही. मागणी अशी करता येते: बैलगाडीच्या खेपेला वजनाची वरची मर्यादा घाला आणि त्या मर्यादेत ऊस आणणाऱ्या गाडीला वाहतुकीचा दर वाढवून द्या. दोन्ही एकत्र, एकाच ठरावात. नुसती मर्यादा मागितली तर गाडीवानाच्या पोटावर पाय येतो आणि तो आपल्याविरुद्ध उभा राहतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. दर वाढून मिळाला तर मर्यादा पाळायला त्याला पोलीस लागणार नाही. बैल मेला तर कर्ज त्याच्या घरावर बसतं; बैल धडधाकट राहावा अशी त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कोणालाच नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात जुन्या हमालांशी बोलून पाहा. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसांनी पोतं पन्नास किलोचं असावं म्हणून लढा दिला. मागणी पोतं भरणाऱ्याकडे होती. पोतं उचलणाऱ्याला कोणी दोष दिला नव्हता. बैलाच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतोय.

वजनाच्या मर्यादेला वेळ लागेल, हे मला कळतं. तोवर सहज होण्यासारखं पुष्कळ आहे आणि चळवळीने तिथून हात घालावा. बैलगाड्यांची रांग ट्रॅक्टरपासून वेगळी करावी. गाडीला वेळेचं टोकन द्यावं, म्हणजे बैल सोडून सावलीत बांधता येतील. यार्डात पाण्याचा हौद आणि वर शेडनेट हवं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, तो काट्याजवळ मोठ्या अक्षरात रंगवावा. रात्रीसाठी गाडीच्या मागे रिफ्लेक्टर, हे काम वाहतूक पोलीस अनेक ठिकाणी करतात, त्यांच्याबरोबर उभं राहावं. फडातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतची पाणंद चिखलाची असते आणि बैलाचा सगळ्यात जास्त जीव तिथे जातो. ग्रामसभेत उठून पाणंदीवर मुरूम मागणं हेही प्राण्यांसाठीचंच काम आहे. त्या मागणीला गावात कोणी विरोध करणार नाही, कारण ऊसवाल्या शेतकऱ्यालाही तोच रस्ता हवा आहे.

वाढ्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, थोडं जास्त सांगते. हंगामभर बैलाच्या पुढ्यात वाढंच असतं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागू देत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, क्षार मिश्रण द्यावं, हे जनावरांचे डॉक्टर नेहमीच सांगतात, पण तळावर जाऊन सांगायला कोणी नसतं. आमच्याकडच्या कॉलेजच्या काही मुलींनी गेल्या वर्षी एका तळावर प्लास्टिकचं पिंप नेऊन ठेवलं. रात्री चुना भिजवायचा, सकाळी वरचं निवळ पाणी तेवढं घेऊन वाढ्यावर मारायचं. पहिल्या दिवशी तळावरच्या कोप्यांमधल्या, म्हणजे झोपड्यांमधल्या, बायका लांबूनच बघत होत्या. मग एकीने विचारलं, आमच्या शेळीला चालंल का? तिच्याशी बोलता बोलता बाकीच्या जमल्या. दोन-तीन आठवड्यांनी त्या मुलींना बैलाचा खांदा दाखवायला गाडीवान स्वतःहून येऊ लागले, आणि एकाने जूच्या आतून जुन्या ट्यूबचं रबर आणि गोणपाट कसं बसवलंय ते उलट त्यांनाच शिकवलं. त्या मुलींनी एकही व्हिडिओ काढला नाही. यंदा त्याच तळावर त्यांना खेप हलकी ठेवण्याबद्दल बोलता येतंय आणि माणसं ऐकून घेतायत.

आपल्याच तालुक्यातलं आणखी एक उदाहरण. २०२२ मध्ये राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या जुवाखाली टेकू देणारं एक फिरतं चाक तयार केलं, नाव ठेवलं सारथी. मानेवर येणारा भार त्या चाकावर उतरतो. देशभर त्याचे फोटो फिरले, कौतुक झालं. माझ्या दुकानासमोरून जाणाऱ्या गाड्यांना ते चाक मला अजून दिसत नाही. कारखान्यांनी गाडीबरोबरच ते द्यावं, त्याचा खर्च गाडीवानाच्या उचलीत धरू नये, अशी एक साधी मागणी चळवळीने उचलली तर बैलाच्या मानेला खरोखर आराम पडेल. वस्तू आहे, ती करणारे आपल्याच भागातले आहेत, फक्त मागणारं कोणी नाही.

बंदीबद्दल माझं मत स्पष्ट लिहिते. काही गोष्टींना बंदीच हवी. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग धरण्याला न्यायालयाच्या आदेशांनी आळा बसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग संरक्षित आहे, तेव्हा ते योग्यच झालं. पण जिवंत नागाच्या पूजेची मागणी आजही पुन्हा पुन्हा होते. नाग सुटला, गावाशी बोलणं मात्र राहून गेलं. सापाला हाताळायचं जे ज्ञान शिराळ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते शेतात निघालेला साप न मारता सोडण्याच्या आणि सर्पदंशाच्या माणसाला मांत्रिकाऐवजी दवाखान्यात पोहोचवण्याच्या कामी लावता आलं असतं. अजूनही येईल.

बैलगाडी शर्यतींचं तसंच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. इतकी वर्षं सगळी ताकद कोर्टात गेली. त्या काळात आटपाडी, माण, खटावच्या खिलार बैल पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कोण गेलं? त्याला वाटलं, शहरातली माणसं आपला बैल न्यायला आली आहेत. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतल्या बाजारात एक दिवस उभं राहून पाहा. खूर, शिंग, वशिंड, चाल पाहून जनावराची प्रकृती सांगणारी माणसं तिथे आहेत. ती आपल्या बाजूला असायला हवीत. मला शर्यती आवडत नाहीत, मी कधी जात नाही. पण आता त्या कायद्याने चालतात, तेव्हा परवानगीच्या अटी पाळल्या जातात का, पशुवैद्यक मैदानावर खरंच जनावर तपासतो का, बॅटरीचा शॉक कोणी वापरतो का, हे पाहावं लागेल. ते बैल जिवापाड जपणाऱ्या मालकांच्या मदतीनेच होईल. शिवाय शर्यतीतले बैल मोजके. उसाच्या जुवाखाली महिनोन्‌महिने राबणारे त्यांच्या कितीतरी पट. लक्ष कुठे द्यायचं, हेही ठरवायला हवं.

शेजारच्या नांदणीत जुलै २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या जैन मठाची महादेवी हत्तीण गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली गेली आणि हजारो माणसं रस्त्यावर उतरली. तिचे पाय, तिची साखळी, कळपाविना गेलेली तिची वर्षं यावर शांतपणे बोलायला त्या दिवसांत जागाच उरली नाही. ते बोलणं आदेशाच्या कितीतरी आधी, मठाच्या भक्तांशी, त्यांच्या घरात बसून व्हायला हवं होतं.

आपल्याकडे याची चांगली वाट आधीच घालून दिलेली आहे. गाडगेबाबांनी कीर्तनात जत्रेतल्या बोकडाचा जीव वाचवा म्हणून लोकांना विनवलं, प्रश्न विचारून त्यांनाच उत्तरं द्यायला लावली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेकारांना रोजगार आहे आणि त्याच यादीत मुक्या प्राण्यांना अभय आहे. माणूस एकीकडे आणि जनावर दुसरीकडे अशी वाटणी त्यांनी केली नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. मसुदा कितीदा बदलला, कलमं गाळली गेली, तरी त्यांनी मागणी सोडली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. मिळेल तेवढं पदरात घेऊन पुढचं मागत राहायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. एका मागणीवर वर्षानुवर्षं टिकून राहणारी माणसं प्राण्यांच्या कामात फार थोडी आहेत.

माझ्या धंद्यातली दोन उदाहरणं देते. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांना टोचलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्या आकाशातून गिधाडं गेली त्याचं हे मोठं कारण. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांची मोठी कुपी जनावरांना वापरली जात होती, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरवर आणली गेली. मागणी एका औषधापुरती होती, आणि त्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरा, असं शेतकऱ्याला लगेच सांगता येत होतं. दुखणाऱ्या बैलाला औषधाविना ठेवा असं कोणी म्हटलं नाही. दुसरं अमेरिकेतलं. हेन्री स्पायरा हे न्यूयॉर्कचे शाळाशिक्षक, त्याआधी जहाजावर खलाशी आणि कामगार चळवळीतले. १९७६ मध्ये त्यांनी तिथल्या एका मोठ्या संग्रहालयात मांजरांवर चाललेले प्रयोग तेवढे निवडले आणि ते बंद पाडले. मग सौंदर्यप्रसाधनं सशांच्या डोळ्यांत घालून तपासण्याची पद्धत घेतली. सगळ्या कंपन्यांवर एकदम न जाता रेव्हलॉन ही एकच धरली, आधी बोलणी केली, दाद मिळेना तेव्हा १९८० मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले. भारतात अशा चाचण्या २०१४ मध्ये बंद झाल्या. माझ्या दुकानातल्या क्रीमच्या डब्यांमागे एवढी मोठी गोष्ट आहे.

कोंबड्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण संख्येने त्या बैलांच्या कित्येक पट आहेत आणि त्यांच्यासाठी पत्र कोणी लिहीत नाही. विट्याचा परिसर अंड्यांच्या पोल्ट्रीसाठी ओळखला जातो. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत अंग घुसळता येत नाही, पाय कायम तारेवर. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात याच प्रश्नावर शिफारशी केल्या आहेत. युरोपीय संघात जुन्या धाटणीचे पिंजरे २०१२ पासून बंद आहेत. इथेही दार नीट निवडावं लागेल. पोल्ट्रीवाला बँकेचा हप्ता, मका-सोयाबीनचा भाव आणि अंड्याचा रोजचा दर यांत अडकलेला आहे. त्याच्या शेडपुढे घोषणा देऊन पिंजरा मोठा होणार नाही. आणि रक्त कमी असलेल्या मुली माझ्याकडे लोहाच्या गोळ्या न्यायला येतात, डॉक्टरांनी त्यांना अंडं खा म्हणून लिहून दिलेलं असतं. त्यांना अंडं सोडा असं मी सांगणार नाही. पण घाऊक अंडी घेणारी हॉटेलं, बेकऱ्या, कॉलेजांची कॅन्टीन आहेत. त्यांनी पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची थोडी अंडी चढ्या दराने वर्षभर घेऊ असा लेखी करार केला, तर एखादा पोल्ट्रीवाला एक शेड तशी करून बघेल. एका शेडचा जमाखर्च दाखवता आला की दुसरा विचारायला येईल.

भटक्या कुत्र्यांवर वेगळं पत्र लागेल. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस नियमाने, दरवर्षी, सगळ्या प्रभागांत झाली पाहिजे, एवढंच इथे म्हणते.

एक नाजूक गोष्ट उरते. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. जीव वाचतो, पण हंगामात लंगडा झालेला बैल पोसायचा कोणी? गाडीवानाला ते झेपत नाही. अशा बैलासाठी गोशाळेत, पांजरपोळात खुंटा आणि वैरण आहे का, हे प्राण्यांच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं पाहिजे. आणि जनावराच्या नावाखाली रस्त्यात माणसाला मारहाण करणाऱ्यांना आपल्या कामात अजिबात जागा नसावी. त्यांच्यामुळे गाडीवान, व्यापारी, जनावरं वाहणारा टेम्पोवाला आपल्या सगळ्यांनाच भितो, आणि भ्यालेला माणूस आपल्याला जनावर दाखवत नाही.

आता काम. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. कारखान्याचा मालक सभासद आहे आणि सांगली-साताऱ्यात आपल्या वाचकांपैकी हजारो जणांच्या घरात शेअर असेल. अहवाल घरी येतो, सभेआधी लेखी प्रश्न देता येतो. आमच्या घरात शेअर सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांनी आणि मी मिळून निवेदन लिहिलं आहे: बैलगाडीच्या खेपेला वजनाची मर्यादा आणि तिच्याशी बांधलेली दरवाढ, बैलगाड्यांची स्वतंत्र रांग, यार्डात सावली आणि पाणी, कारखान्याच्या खर्चाने टेकूचं चाक, आणि हंगामात तळावर आठवड्याला एकदा जनावरांचा डॉक्टर. सासरे आधी म्हणाले, बैलासाठी सभेत कोण बोलतंय? मग त्यांनीच पहिल्या ओळीत दरवाढ घालायला लावली, कारण त्याशिवाय सभागृहातला ऊसवाला शेतकरी आणि बाहेरचा गाडीवान एका बाजूला येणार नाहीत. निवेदन एका पानाचं आहे. सभासदांनी आमच्या दुकानातून प्रत न्यावी, आपल्या कारखान्याचं नाव घालून सही करावी. गाडीवानांच्या सह्या आणि अंगठे आम्ही तळांवर जाऊन वेगळे घेत आहोत. ते प्रत्येक निवेदनाला जोडू. हंगाम संपून टोळ्या परत जायच्या आत ते काम उरकायचं आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिलं.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती,
आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली)